तार सुटणारा पिझ्झा

कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. रामकुंडावरचे कावळे तसे खाऊन-पिऊन सुखी. रोज इतक्या घरांचा भात खातात की काहींना उडताना ढेकर येते म्हणतात. पण कुसाबाईच्या पिंडाकडे त्यांनी पाठच फिरवली.

दशक्रियेला जमलेल्यांनी तिच्या नवऱ्याकडून, पुंजारामकडून, काय काय कबूल करून घेतलं. गाय विकणार नाही, दारातला मोगरा तोडणार नाही, तिच्या बहिणीशी अबोला सोडेन. तो सगळ्याला हो म्हणाला. कावळे कठड्यावर चोची पुसत राहिले.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राख उपसण्यात जन्म गेलेला हा माणूस. शेवटी हळूच भाच्याला म्हणाला, "मल्हारी, तिचा जीव पिझ्झ्यात अडकला असंल."

टीव्हीवर कुणीतरी पिझ्झ्याचा तुकडा उचलला आणि चीजची तार हातभर लांबली, तेव्हापासून कुसाबाईला तो खायचा होता. आपल्या पाकाला बी एवढी तार येत नाय, म्हणायची. पुंजाराम दर पगाराला म्हणायचा, पुढच्या खेपेला जाऊ. पुढे तिला पाणीसुद्धा गिळवेना.

चांगला पिझ्झा कुठे मिळतो, यावर घाटावर लगेच दोन तट पडले. न्हावी पंचवटीतल्या एका बेकरीवर अडून बसला, मेहुणी कॉलेज रोडवर. गुरुजी मान वर न करता म्हणाले, "बेकरीत नको. तिथे पावावर सॉस फासून देतात."

तरी बेकरी वाटेतच होती, म्हणून मल्हारीने स्कूटर थांबवली. तार नव्हतीच, वर शेव मात्र भरपूर. कॉलेज रोडच्या काचेच्या दुकानाचं शटर अजून खाली होतं. मुंडण केलेला पुंजाराम ओल्या पंच्यानिशी पायरीवर बसून राहिला. पहिला पिझ्झा निघाला तो त्याने तिथेच उचलून पाहिला. अशी तार सुटली की, मल्हारी अजून शपथेवर सांगतो, दुकानाबाहेर नेली असती तर तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, इथे खाणार की पार्सल?

"घाटावर," पुंजाराम म्हणाला.

रविवार कारंजाच्या गर्दीत स्कूटर अडकली ती अडकलीच. घाटावर येऊन त्याने तुकडा उचलला, तर चीज चामड्यासारखं सबंध सोलून आलं. तरी तो पिंडाशेजारी ठेवला. एक कावळा उतरला, ढोबळी मिरची उलटी करून पाहिली आणि शेजारच्यांच्या भाताकडे निघून गेला.

ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. लोक जेवायला पांगले.

"मामा, चला. झालं सगळं."

"तू हो पुढं."

खोका मांडीवर घेऊन तो बसला. मग त्याच्या ध्यानात आलं, उभ्या संसारात ती कधी त्याच्या आधी जेवली नव्हती. त्याने एक तुकडा तोडला आणि बराच वेळ चावत राहिला. गार आणि चिवट.

"लय भारी हाय," तो खोटंच म्हणाला.

उरलेला खोका त्याने पलीकडे सरकवला आणि नदीकडे तोंड करून बसला. खाताना कुणी बघितलेलं तिला आवडत नसे.