बाबांच्या शाईतले चार सूर

मी एक जुनी संगीताची प्रत आहे. माझी पाठ चिकटपट्टीने सांधलेली आहे आणि पहिल्या पानाचा खालचा कोपरा कधीच गळून पडला. मित्रांनो, माझ्यात गोष्ट नाही, चित्रे नाहीत. पाच-पाच आडव्या रेघा आहेत आणि त्यांच्यावर काळे ठिपके बसले आहेत. कोणता सूर केव्हा लावायचा हे ते ठिपके सांगतात. माझ्यातले गीत मृतांच्या शांतीसाठी रचलेले आहे. ते रचणारा संगीतकार माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वारला.

माझा जन्म झाला तेव्हा असली पाने धातूच्या पत्र्यावर कोरत. कोरणारा कारागीर म्हातारा होता. छापल्यावर सुलटे दिसावे म्हणून तो सगळे उलटे कोरायचा आणि एकेक ठिपका ठोकताना तो सूर ओठांतल्या ओठांत गुणगुणायचा. गीताच्या शेवटाजवळ मात्र तो गप्प झाला. तिथे सगळा गायकवृंद टिपेला पोचतो आणि एकदम थांबतो. ऑर्गनही थांबतो. उभ्या रेघांमधले दोन खण अगदी रिकामे आहेत. मग त्या शांततेतून सगळ्यांनी एकाच वेळी, अगदी हळू, शेवटचा शब्द उचलायचा. कारागिराने त्या दोन खणांत विरामाच्या खुणा ठोकल्या आणि हातोडी खाली ठेवली.

मला एका ऑर्गनवादकाने विकत घेतले. त्यांची दोन मुले त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. एका दगडी प्रार्थनागृहात, लाकडी जिना चढून गेल्यावर सज्जात त्यांचा ऑर्गन होता. मी त्याच्या माथ्यावर उभी असायची. बाबांचे हात कोरडे आणि स्वच्छ असत. पान उलटताना ते कोपरा ओढत नसत, खालून अलगद उचलत. लोक त्यांच्या वाजवण्याची तारीफ करत तेव्हा मलाही माझा वाटा त्यात दिसे.

मग मुलांची आई गेली. तिच्यासाठी हेच गीत ठरले आणि बाबा म्हणाले, ऑर्गन मीच वाजवीन. घरच्यांनी समजावून पाहिले, पण ते ऐकेनात. शाळेत जाणारा दादा त्यांच्याशेजारी बसून पाने उलटत होता. जेमतेम बोलू लागलेली धाकटी मागे आत्याच्या मांडीवर होती. रिकाम्या खणांशी सगळे थांबले आणि त्या शांततेत धाकटीने मोठ्याने हाक मारली, "आई."

सज्जातल्या गायकांचे श्वास अडले. आता कुणालाच सूर लावता येणार नाही हे मला दिसत होते. बाबांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताने चार सूर वाजवले, लहान मुलाला बोटाला धरून एकेक पायरी चढवावी तसे. त्यांच्या आधाराने वृंदाने शेवटचा शब्द उचलला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते चार सूर माझ्या रिकाम्या खणांत शाईने लिहिले. दादा बघत होता. "धाकटीला यातलं काही सांगू नकोस," बाबा त्याला म्हणाले. "आपल्यामुळे गाणं अडलं असं तिला वाटायला नको."

पुढे दरवर्षी ते गीत चार सुरांसकटच गायले गेले. नवे गायक आले, जुने गेले. कोणी विचारले नाही. बाबाही गेले आणि दादा ऑर्गनवर बसू लागला. त्याचे हात घामट. माझ्या पानांवर त्याच्या बोटांचे डाग पडले आणि पाठ उसवली तेव्हा त्याने हाताला लागेल ती पट्टी चिकटवली. प्रेमाने केले, पण ती पट्टी आजही मला चावते.

धाकटी खूप शिकली. तिचे काम असे की, जुन्या संगीतकारांची मूळ हस्तलिखिते शोधायची, छापील प्रतींशी ताडून पाहायची, चुका काढायच्या आणि शुद्ध आवृत्ती तयार करायची. एके दिवशी तिने आपल्याच प्रार्थनागृहाचे गीत हातात घेतले आणि मी तिच्या टेबलावर आले. शेजारी हस्तलिखिताची छायाचित्रे होती. ती भिंग घेऊन ओळ न् ओळ बघायची. माझ्यात चुका निघू लागल्या. इथे सूर अर्धा चढा, तिथे शब्द एक घर पुढे सरकलेला. इतकी वर्षे लोकांना मी चुकीचे गायला लावत होते हे कळून माझी मान खाली गेली. मग तिचे भिंग बाबांच्या शाईवर थांबले.

दादा त्या दिवशी तिच्याकडे चहाला आला होता.

"दादा, हे चार सूर मूळ हस्तलिखितात नाहीत."

"माहीत आहे. बाबांनी लिहिलेत."

"का?"

दादाने कपात बघितले. मला वाटले, आता सांगेल. "त्यांना तिथं बरं वाटायचं," एवढेच तो म्हणाला.

"बरं वाटण्यावर आवृत्ती चालत नाही. संगीतकारानं तिथं शांतता लिहिली आहे. मी सूर काढून टाकतेय."

"मला विचारलंसही नाही."

"मूळ प्रत बघ ना तू. डोळ्यांनी बघ."

"तू बोबडं बोलत होतीस तेव्हापासून ऐकतोय मी ते."

"म्हणूनच तुला दुसरं काही ऐकू येत नाही," धाकटी म्हणाली.

दादाने मला खाडकन मिटले. माझी पाठ पुन्हा उकलली. तो चहा तसाच टाकून निघून गेला आणि मी तिथेच राहिले. जे मला माहीत होते ते सांगायला मला तोंड नव्हते.

नव्या आवृत्तीचे कच्चे छापील खर्डे वृंदाला मिळाले. एका समारंभात त्यांवरून गायचे, प्रकाशक ऐकायला येणार आणि मग पुस्तक छपाईला जाणार, असे ठरले. तालमी सुरू झाल्या. खर्ड्यांचे बांधलेले पांढरेशुभ्र नवे पुस्तक माझ्या जागी उभे राहिले. धाकटीने मला परत ऑर्गनवर आणून ठेवले होते, पण मी त्याच्या मागे दडपली गेले.

दोन रिकाम्या खणांशी रोज घोटाळा होऊ लागला. शांततेत सूर निसटायचा. कोणी वरचा लावी, कोणी खालचा. मागच्या रांगेतले दातांचे डॉक्टर दरवेळी आधीच तोंड उघडत.

"डॉक्टर, दात उपटतानाही तुम्ही अशीच घाई करता का?" वृंदाला हाताच्या खुणांनी गाववणाऱ्या बाईंनी विचारले. लोक हसले, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच झाले. शेवटी बाई वैतागून ऑर्गनपाशी बसलेल्या दोघांकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही भाऊबहीण काय ते आपसात मिटवा. समारंभाच्या दिवशी मला एकच काहीतरी पाहिजे."

दादाने ऑर्गनचे झाकण मिटले. मग म्हणाला, "तिचं पुस्तक आहे. मी ते चार सूर वाजवणार नाही. शब्द दिला."

समारंभाला प्रार्थनागृह भरून गेले होते. पाने उलटायला धाकटी दादाशेजारी बसली होती. दोघे एकमेकांशी कामापुरतेही बोलत नव्हते. गीत सुरू झाले. शुद्ध केलेले सूर असे स्वच्छ उठले की मलाही कबूल करावे लागले, हे माझ्यापेक्षा खरे आहे. वृंद चढत चढत टिपेला गेला आणि थांबला.

दादाने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पहिला खण शांत गेला. धाकटीचा चेहरा उजळला. दुसऱ्या खणात मागच्या रांगेतून एक अर्धवट सूर निघाला आणि तिथेच तुटला. डॉक्टर होते. त्यांच्या शेजारचे दोघे भलत्याच सुरात सुरू झाले आणि गडबडून थांबले. बाईंचा हात हवेत तसाच राहिला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"दादा, वाजव," धाकटी कुजबुजली.

दादाचे हात उठले नाहीत. त्याला शब्द मोडायचा नव्हता, की त्या जागी त्याचे अंगच गळले होते, मला कळले नाही.

धाकटीने त्याच्यासमोरून हात लांब केला आणि चार सूर वाजवले. समोरच्या पानावर ते नव्हते. तिने पुस्तकाकडे बघितलेही नाही. तिच्या बोटांना ते पाठ होते. चौथा सूर संपता संपता दादाचा पाय आपोआप खालच्या, पायाने वाजवायच्या पट्टीवर गेला, बाईंचा हात खाली आला आणि सगळ्या वृंदाने एका श्वासात शेवटचा शब्द उचलला.

लोक पांगल्यावर सज्जात दोघेच उरले.

"मी माझंच पुस्तक मोडलं," धाकटी म्हणाली.

"बाबांनीही असंच मोडलं होतं," दादा म्हणाला आणि मग त्याने तिला सगळे सांगितले. आई, आत्या, ती हाक. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, ऑर्गनच्या पट्ट्या पुसत होता. मग धाकटीने नव्या पुस्तकाच्या मागून मला काढले आणि ती शाईची जागा उघडली.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"बाबांनी नको म्हटलं होतं. आणि त्या दिवशी तुझ्याकडे सांगणारच होतो, पण तू अशी काही बोललीस."

"वाईट बोलले मी. छापते ते सूर."

"नको," दादा म्हणाला. "पानावर शांतताच राहू दे. पहिला खण ऐकलास ना आज? तो त्याचा आहे, ज्यानं लिहिला त्याचा. आम्ही शिकू थांबायला. बाबांचं मागं कुठंतरी टाक, टिपांत."

पुस्तक छापून आले. मुख्य पानावर दोन खण रिकामे आहेत. पाठीमागे बारीक अक्षरांत चार सूर आहेत आणि पुढे लिहिले आहे: एका वादकाने आपल्या लहान मुलीसाठी घातलेले. डॉक्टर अजूनही कधीकधी चुकतात. तेव्हा दादा मागचे पान उघडतो.

आता मी एका थंड, कोरड्या खोलीत खोक्यात झोपलेली असते. मित्रांनो, तुम्ही कोणत्याही पुस्तकाला हात लावाल तेव्हा हात आधी पुसा. त्यात काही लिहायचेच झाले तर मऊ पेन्सिलीने लिहा आणि फाटले तर हाताशी येईल ती पट्टी चिकटवू नका. नवे, शुद्ध पुस्तक घरात आले की त्याचे स्वागत करा. पण जुने रद्दीत घालण्याआधी ते ज्याने वापरले त्याच्यापाशी घटकाभर बसा आणि डागांचे, रेघोट्यांचे कारण विचारा. तो आहे तोवर विचारा. आम्हाला आपणहून काही सांगता येत नाही.