मताची डिस्क

“ही डिस्क दुसऱ्या सर्व्हरवर दिसत नाही,” ती म्हणाली आणि खुर्ची इतक्या जोरात मागं सरकवली की खालची लादी खडखडली.

संचालक दोघांच्या मधोमध उभे होते. सर्व्हर रूममधल्या गारठ्यामुळे त्यांनी कोट चढवला होता आणि आल्यापासून त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

“हे कुणाला सांगताय?” त्यांनी विचारलं.

“ज्यांनी डिस्क दिली त्यांना.”

ज्यानं डिस्क दिली होती तो हाताच्या अंतरावर, स्टोरेजच्या कपाटापुढे उकिडवा बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, “त्यांना म्हणावं, पुन्हा एकदा शोधून बघा. इथून दिलेली आहे.”

“शोधून झालंय. त्यांना म्हणावं, एकालाच दिली असेल आणि दुसऱ्याला द्यायची राहिली असेल.”

“त्यांना म्हणावं…”

“अहो, मी काय पोस्टमन आहे?” संचालक वैतागले. “उद्या सकाळी ही यंत्रणा सुरू व्हायचीय. पाहुणे येणार आहेत. तुम्ही बोला, भांडा, एकमेकांची डोकी फोडा. संध्याकाळी मला हे चालू दिसलं पाहिजे.”

दार त्यांच्यामागे हळूच मिटलं. पंख्यांची घरघर तेवढी उरली.

शहरातले रुग्णवाहिकेसाठीचे सगळे फोन या इमारतीत येत. कोण कुठं पडलंय, कुठली गाडी जवळ आहे, कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, हे सगळं एका डेटाबेसमध्ये असे. तो आजवर एकाच सर्व्हरच्या जिवावर चालला होता. मध्यंतरी एके दुपारी त्यानं मान टाकली. फोन घेणाऱ्या मुलींनी पाठकोऱ्या कागदांवर पत्ते उतरवून घेतले आणि त्या गडबडीत एक गाडी भलत्याच गल्लीत जाऊन उभी राहिली. त्यानंतर सूत्रं हलली. आता दोन सर्व्हर आले होते. एक पडला तर दुसऱ्यानं तिथून पुढं काम उचलायचं. दोघांना तीच माहिती दिसावी म्हणून डिस्क मात्र सामायिक, वेगळ्या दोन कपाटांत; एकातल्या माहितीची हुबेहूब नक्कल दुसऱ्यात.

डेटाबेस तिच्या ताब्यात होता. ऑफिसात तिला पाठीमागे ‘डेटाबाई’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. डिस्क लावून देण्याचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं, आणि कंपनीनं पाठवला तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. सकाळी आडनाव ऐकून संचालकांनी नातं विचारलं होतं आणि खूश होऊन म्हटलं होतं, “म्हणजे घरचंच काम की!” त्यावर कुणी हसलं नव्हतं.

धाकट्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, बराच वेळ काहीतरी पाहिलं. मग दोन-तीन कळा दाबल्या.

“बघा आता, मॅडम.”

लहानपणी जिच्या ताटातलं ओढून खाल्लं तिला तो मॅडम म्हणत होता. तिनं पुन्हा शोध लावला. डिस्क दिसली.

“एकालाच दिली होती ना?”

“दिसतेय ना आता?”

“मी वेगळं विचारलं.”

“आणि मी उत्तर दिलं.”

ती कामाला लागली. माहितीची डिस्क, नोंदींची डिस्क. एकेक करून दोन्ही सर्व्हरवरून तपासली. एकावर लिहिलं, दुसऱ्यावर वाचलं. वेग मोजला. त्याच्या कामात आणखी काही खोट निघते का, ते ती अगदी चवीनं शोधत होती. निघाली नाही. शेवटी मताच्या तीन छोट्या डिस्क राहिल्या, आणि तिथं तिचा हात थांबला.

दोन सर्व्हरांमधला संपर्क तुटला तर दोघांनाही वाटतं, दुसरा गेला, आता सगळं आपल्यालाच बघायचंय. मग दोघंही एकाच डिस्कवर आपापलं लिहीत सुटतात आणि माहितीची पार वाट लागते. तसं होऊ नये म्हणून या तीन डिस्क. ज्याच्या बाजूनं दोन मतं, तो चालू राहणार. दुसऱ्यानं गुमान थांबायचं.

“तिन्ही याच कपाटात?” तिनं विचारलं.

“हो.”

“दोन कपाटं आहेत. दुसरं कशाला आणलंय, शोभेला?”

“दोन कपाटांत तीन मतं कशीही वाटा, एकात दोन येणारच. तेच कपाट गेलं तर?” तो आता उभा राहिला होता. “तिसरी जागा लागते. समोरच्या इमारतीत कपाट ठेवायचं ठरलं होतं. ते अजून आलेलं नाही. तोवर इथं ठेवलंय. तात्पुरतं.”

“तात्पुरतं म्हणजे कायमचं. हे कपाट बसलं की तिन्ही मतं गेली, दोन्ही सर्व्हर थांबले. मग दोन कशाला घेतले? मी हे मान्य करणार नाही.”

“उद्या सुरू व्हायचंय.”

“नाही होणार. संचालकांना मी सांगते, स्टोरेजवाल्यांमुळे थांबलं म्हणून.”

“सांगा की.” तो हसला, पण त्या हसण्यात काही गोड नव्हतं. “गंमत आहे. हे यंत्र बंद पडेल म्हणून केवढी काळजी! तसं बंद करायला तुम्हाला फार वेळ लागत नाही.”

तिनं हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले.

आई अतिदक्षता विभागात होती तेव्हाची गोष्ट. श्वास यंत्र घेत होतं. मेंदूत काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी दोघांनाही आधीच सांगितलं होतं. मग त्या दिवशी विचारलं, काय करायचं? खोलीत ती एकटी होती. तिनं मान हलवली. धाकटा आला तेव्हा यंत्राचा पडदा काळा होता. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, चारचौघांत तो ओरडला होता, “माझ्यासाठी थांबली नाहीस! मला विचारलंसुद्धा नाहीस!” त्यानंतर त्यानं हेच सगळीकडे सांगितलं. मामाला सांगितलं, मावशीला सांगितलं. मावशी त्या दिवसापासून तिच्या घरची पायरी चढली नाही. लग्नकार्यात समोरासमोर आली तरी मावशी पदर सावरून दुसरीकडे बघायची. तिनं कुणालाच काही समजावलं नाही. सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच लावला.

“बोला ना,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “संचालकांना सांगणार, सगळ्यांना विचारणार, मान्य करणार नाही. एका डिस्कसाठी! आईच्या वेळी कुठं गेलं होतं हे सगळं? मला एकदा विचारलं असतं…”

“त्या खोलीला खिडकी होती,” ती म्हणाली.

“काय?”

“आईच्या खोलीला. पलंगाच्या डाव्या हाताला.” ती स्क्रीनकडेच बघत होती. “खाली गाड्या लावायची जागा दिसायची.”

तो एक पाऊल मागं सरकला.

“त्या दिवशी तू गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होतास. मी वरून फोन लावत होते. तू खिशातून फोन काढायचास, बघायचास, परत ठेवायचास. डॉक्टर माझ्याशेजारीच उभे होते. ते म्हणाले, भाऊ पोचले का? मी म्हटलं, नाही अजून.”

कपाटावरचे हिरवे दिवे लुकलुकत राहिले. धाकट्यानं हात मागं नेऊन कपाटाची कड चाचपली आणि घट्ट धरली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यानं वाकून लॅपटॉप उचलला आणि बाहेर निघून गेला.

तिनं दाराकडे पाहिलं नाही. तपासायचं काही उरलं नव्हतं, तरी ती तपासत बसली. तपासलेल्या डिस्क पुन्हा तपासल्या. एकदा मध्येच तिनं चष्मा काढला, पुसला, आणि पुसून झाल्यावरही तसाच हातात धरून ठेवला.

तो परत आला तेव्हा शर्टाच्या बाहीला धूळ लागली होती आणि धाप लागली होती.

“समोर प्रशिक्षणवर्गात एक जुना सर्व्हर पडलाय,” तो दारातूनच म्हणाला. “तिसरं मत त्याच्यावर ठेवता येईल. एक मत या कपाटात, एक त्या, एक समोरच्या इमारतीत. नेटवर्कवरून जोडावं लागेल. जुना आहे, पण मतापुरता चालेल.”

“सकाळपासून हे का नाही सुचलं?”

“सुचलं होतं.” तो थांबला. “तुझ्याशी बोलावं लागलं असतं.”

ती खुर्चीत जराशी वळली. “तिथली वीज वेगळी आहे?”

“वेगळी. बघून आलोय.”

“मग कर. मी इकडून जोडते.”

पुढं ते बोलले ते कामापुरतंच, आणि तेही एकमेकांवर खेकसत. त्यानं दिलेला जुन्या सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता तिनं चुकीचा ऐकला, तेव्हा तो म्हणाला, “कान तपासून घे.” तिनं सुनावलं, “तू तोंडातल्या तोंडात बोलणं बंद कर.” समोरच्या इमारतीकडे त्याच्या दोन खेपा झाल्या. अखेर तिन्ही मतं तीन ठिकाणी दिसली. मग खरी परीक्षा. फोनच्या दालनात एक मुलगी नव्या यंत्रणेवर चाचणीचे पत्ते भरत होती. धाकट्यानं पहिल्या सर्व्हरच्या केबलवर बोटं ठेवली.

“काढू?”

“थांब.” तिनं आधी दालनात फोन लावला आणि मुलीला सांगितलं, लिहीत राहा, थांबू नकोस. “काढ.”

त्यानं केबल काढल्या. पहिल्या सर्व्हरचा दिवा गेला. स्क्रीनवर क्षणभर काहीच हललं नाही. मग दुसऱ्या सर्व्हरवर ओळी पडायला लागल्या.

“काही थांबलं का गं?” तिनं फोनवर विचारलं.

“नाही मॅडम. का? थांबायला हवं होतं?”

तिनं उत्तर न देताच फोन ठेवला. मग त्यांनी उलट बाजूनंही तसंच करून बघितलं, आणि नंतर दोन्ही कपाटं आळीपाळीनं बंद करून. काम चालू राहिलं.

संचालक आले ते तणतणतच. कोट या वेळी हातात होता.

“प्रशिक्षणवर्गातला सर्व्हर कुणी घेतला? तिथले प्रमुख माझ्या डोक्यावर बसलेत! परवानगी कुणाची होती? हे कुणी ठरवलं?”

सवयीनं तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

“आम्ही दोघांनी ठरवलं,” धाकटा म्हणाला.

तो केबल गुंडाळत होता. बोलताना गुंडाळणं थांबलं होतं. संचालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“दोघांनी? सकाळी तर तुमचा एकमेकांशी शब्द नव्हता.” ते तिच्याकडे वळले. “खरंय का हे?”

“तो आता म्हणतोय,” ती म्हणाली.

“आता म्हणतोय म्हणजे काय?”

धाकट्याची मान खाली होती. केबलचं वेटोळं त्याच्या मुठीत आवळत चाललं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. संचालकांना अवघडल्यासारखं व्हावं इतका वेळ बघत राहिली.

“म्हणजे हो,” ती म्हणाली. “दोघांनी.”