तात्याबाच्या काठीची कावीळ

पंचाहत्तर सालचा उन्हाळा. वैरागच्या बाजारतळामागं चिंचेखाली दीडशे-दोनशे माणसं दाटीनं उभी होती आणि मधोमध बसून जोतीराम महाराज लोकांची कावीळ धुऊन काढत होते. धुऊन म्हणजे अक्षरशः धुऊन. रोगी पुढ्यात बसला की महाराज त्याचे हात आपल्या तळव्यांनी चोळायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि तांब्यातलं स्वच्छ पाणी वरून ओतायचे. परातीत पडेपर्यंत ते हळदीसारखं पिवळं व्हायचं.

"कावीळ कसली असती?" महाराज विचारायचे.

"पिवळी," गर्दी म्हणायची.

"परातीत काय हाय?"

"पिवळं."

"मग काय उतरलं?"

"कावीळ."

शेवटचं उत्तर देणाऱ्यांत माझाही आवाज होता. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. माझ्या शेजारी चन्नम्मा बिराजदार उभ्या होत्या. अक्कलकोटकडच्या, आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या.

"सर, केळंही पिवळं असतं," त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही तिथं गंमत बघायला आलोच नव्हतो. माझ्या घराशेजारचा मेंढपाळ तात्याबा आपल्या सुनेला, तानाबाईला, महाराजांकडं घेऊन आला होता. तिला सातवा महिना होता. डोळे पिवळेजर्द, चार दिवस पोटात अन्न ठरत नव्हतं, उभी राहिली की झोक जायचा. गावातल्या डॉक्टरांनी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी तात्याबानं पटक्यात खोचून ठेवली होती.

"तात्याबा, आत्ता गाडीला बसवा हिला," बाई म्हणाल्या. "पोटुशीची कावीळ साधी नसते."

"बाई, गेल्या साली मला झालती. हितंच हात धुतलं. बरा झालो की."

"गेल्या साली तुमच्या शेळीला दोन करडं झाली. तीही महाराजांनीच दिली का?"

"त्येचा काय संबंध?"

"तेच विचारतेय. एकामागून एक झालं म्हणून एकामुळं दुसरं झालं असं होतं का?"

तात्याबानं गर्दीकडं हात केला. "एवढी माणसं काय येडी हायत?"

"तुमची मेंढरं एकामागोमाग खड्ड्यात उतरतात तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

आसपासची दोघं-तिघं हसली. तात्याबा चिडला. "तुमचं लगीन न्हाय का लेकरू न्हाय. बाळंतपणातलं तुमाला काय कळतंय?"

"माझं लग्न झालं असतं तर हे पाणी पांढरं पडलं असतं का?" बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या सरळ महाराजांपुढं जाऊन बसल्या.

"महाराज, मला कावीळ वाटते."

महाराजांनी डोळे निरखले. "लई जुनी हाय. आत मुरलीया." त्यांनी हात चोळले, पाणी ओतलं. पिवळं. बाईंनी साबणानं हात धुऊन पुन्हा पुढं केले. महाराजांनी पुन्हा चोळले, पुन्हा पिवळं. तिसऱ्यांदाही तेच.

"आता निघाली सगळी," महाराज घाईनं म्हणाले.

"तुमचे उपकार झाले," बाई म्हणाल्या. "आता तुमचे हात धुऊन पुण्य घेते." महाराज नको म्हणेपर्यंत त्यांनी तांब्या उचलून त्यांच्याच हातांवर ओतला होता.

इतकं पिवळं पाणी दिवसभरात कुणाचंच निघालं नव्हतं.

गर्दी पुढं सरकून परातीत डोकावली. तात्याबाच पहिला बोलला. "महाराजांनी आमची कावीळ आपल्या अंगावर घेतलीया."

महाराजांनी लगेच मान डोलावली. मलाही क्षणभर ते पटलं, हे कबूल करायला हवं.

"बरं," बाई म्हणाल्या. "तात्याबा, तुमची काठी द्या." त्यांनी पिशवीतून बाटली काढली, आतलं तपकिरी पाणी काठीला चोळलं आणि महाराजांच्या तांब्यातलं पाणी वरून सोडलं. काठीवरून पिवळ्या धारा परातीत पडल्या.

"काठीला कधीपासून कावीळ झाली, तात्याबा?"

आता मात्र हशा उसळला. बाईंनी बाटली वर धरली. "आंब्याच्या सालीचा रस. तांब्यात चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आली की पिवळं होतं. आज सकाळी शाळेत करून बघितलंय. महाराज रस आपल्या तळव्यांना लावून बसतात."

"पण मी बरा झालो ते खोटं का?" तात्याबा पुटपुटला.

"खरं. किती दिवसांनी?"

"महिना लागला."

"साधी कावीळ बहुतेकांची तेवढ्यात आपोआपच उतरते. आता मला सांगा, इथं हात धुऊनही दगावलं असं कुणी आहे?"

मग मागून केराबाई नावाची म्हातारी म्हणाली, "माजी जाऊ गेली. महाराज म्हणालं, तिचीच श्रद्धा कमी पडली."

"म्हणजे बरं झालं की महाराजांमुळं आणि मेलं की मेलेल्यामुळं," बाई शांतपणे म्हणाल्या. "यात महाराज चुकणार कधी?"

खाली बसलेली तानाबाई तेवढ्यात म्हणाली, "मामा, मला दवाखान्यात न्या."

तात्याबानं चिठ्ठी काढली. बाजाराला आलेल्या एका जीपवाल्यानं तिला सोलापूरला पोचवलं. महाराज कुठल्या वाटेनं गेले ते कुणी पाहिलं नाही. परात मात्र तिथंच राहिली.

तानाबाई तीन आठवडे दवाखान्यात होती. दोन दिवस तर शुद्धीवरही नव्हती. मुलगी लवकर झाली, ओंजळीएवढी, पण जगली. तात्याबा पेढे घेऊन शाळेत आला आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, पटलं. दवाखान्यात गेली आन् वाचली. म्हंजे दवाखाना खरा."

मला वाटलं, बाई खूश होतील. त्यांनी पेढा घेतला आणि मान हलवली.

"एकट्या तानाबाईवरून तेही ठरत नाही, तात्याबा. दवाखान्यात किती आल्या, किती वाचल्या, किती गेल्या, हे सगळं लिहून ठेवतात. गेलेल्यांचीही नावं लिहितात. म्हणून विश्वास ठेवायचा. उद्या त्यांनी ती लपवली, तर त्यांनाही असंच विचारायचं."

तात्याबानं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "मग मी काय करू?"

"कुणीही बरं झालेलं माणूस दाखवलं," बाई म्हणाल्या, "की म्हणायचं, बरं न झालेलीही दाखवा."

त्या दिवसापासून मी वर्गात व्याकरणाआधी हे एक वाक्य शिकवतो. तुम्हीही ते वापरून बघा. कुठलाही चमत्कार पुढ्यात आला तरी चालेल.