दाब, सोड, दाब

भंडाऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला मी तिसऱ्यांदा गेले ती भांडायच्या तयारीनेच गेले. आधीच्या दोन्ही वेळी माझ्याशी गोड बोलून, गाडी फुकटात धुऊन मला घरी पाठवलं होतं. गाडी चकाचक आणि ब्रेक होते तसेच. काउंटरवरचा सचिन माणूस वाईट नाही, पण "मॅडम, स्कॅनरमध्ये काहीच येत नाही" हे तो इतक्या शांतपणे म्हणतो, की त्याच्या टेबलावरचा प्रिंटर उचलून आपटावासा वाटतो.

"स्कॅनरमध्ये येत नसन, माह्या पायात येते," मी म्हटलं. "पेडल खालून धक्का मारते. कोणी तळव्याले हात लावून पाय मागं लोटून राहिलं, असं वाटते. हे लिहा तुमच्या कार्डावर."

त्याने लिहिलं, 'ब्रेक पेडलमध्ये कंपन, ग्राहकाची तक्रार.' माझी सासू त्या गाडीत गेली, हे लिहायला कार्डावर जागा नव्हती.

माझे सासरे, बाबुलाल, मागे सोफ्यावर बसले होते. जवाहरनगरच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण त्या दिवशी बोलायचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. दोन महिन्यांपासून ते फार बोलतच नव्हते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी आणि सासूबाई सिहोऱ्याहून परत येत होतो. सिहोरा त्यांचं माहेर. मंगलाबाई नेहमी मागे, डाव्या बाजूला बसायच्या. पुढे या म्हटलं तर म्हणायच्या, "मले साहेबासारखं बसू दे, तू चालव मुकाट्यानं." मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, महिन्यातले वीस दिवस गाडीवरच असते, त्यामुळे चालवायची मीच. नवरा अश्वजित फॅक्टरीत. त्याला गाडी धुवायला आवडते, चालवायला नाही.

तुमसरच्या अलीकडे रस्त्यावर धान वाळत घातलं होतं. हलकं, लवकर येणारं धान निघालं, की आमच्याकडे अर्धा रस्ता शेतकऱ्याचा आणि अर्धा आपला, त्याचं कोणाला काही वाटत नाही. मी धानावरून गाडी घातली आणि डाव्या बांधावरून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रस्त्यावर चढला. मी ब्रेक दाबला. पेडल गुरगुरलं, थरथरलं, माझ्या पायाला त्याने उलटा धक्का दिला. मी पुन्हा दाबला, पुन्हा धक्का. गाडी धानावरून वाहत गेली, थोडी फिरली आणि डाव्या अंगाने ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळली. मागे आई त्यांच्या बहिणीने सुनेला दिलेल्या पातळाबद्दल सांगत होत्या. त्या मधेच थांबल्या.

मंगलाआईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भन्तेजी जाऊन पंगत बसली तेव्हा, क्वार्टरमधल्या एका बाईने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाईच्या हाती एवढी मोठी गाडी देतेत काय?" मी ताटं घेऊन उभी होते. माझ्या आधी बाबा बोलले. "माह्या सुनेले मी शिकवलं हाय. तिचा पाय चुकत नाही. ब्रेक फेल होते." त्या दिवसापासून त्या वाक्यावर मी जगत होते. ब्रेक फेल होते. ते कागदावर आणायचं, शिक्क्यासह, आणि त्या बाईच्या तोंडावर मारायचं, एवढंच मला दिसत होतं. कारण ब्रेक फेल नव्हते, तर मग मंगलाआईला मीच मारलं होतं.

डिसेंबरात गाडी नवा दरवाजा आणि नवी सीट बसवून परत आली. कोणी त्यात बसेना. मला कामाला जावंच लागायचं. दुसऱ्याच दिवशी वरठीच्या पुढे मागच्या डाव्या सीटच्या बेल्टची घंटी वाजायला लागली. कोणी बसलंय आणि बेल्ट लावला नाही, म्हणून वाजते ती. सीटवर माझी पर्ससुद्धा नव्हती. मी गाडी कडेला घेतली, उतरून मागचा दरवाजा उघडला, सीटवर हात फिरवला. सीट गार होती. मी म्हटलं, "आई, बेल्ट लावा." आणि भर दुपारी रस्त्यावर उभी राहून मी अशी घाबरले, की किती वेळ मला स्टेअरिंगवर बसवेना. सचिन म्हणाला, नवा सेन्सर आहे, कधी कधी होते. त्याने वायर बदलली. तरी ती आठवड्यातून एकदा वाजतेच.

आणि ब्रेक. डांबरावर कधी काही नाही. मुरमावर, गिट्टीवर, नाहीतर धानावर जरा जोरात दाबला, की खालून तो धक्का. प्रत्येक वेळी मला तीच गुरगुर ऐकू यायची आणि नंतरची ती शांतता.

एकदा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. समोरच्या भिंतीवर लाल उजेड पडला आणि गेला. पुन्हा पडला, पुन्हा गेला. खिडकीतून पाहिलं तर अंगणात आमची गाडी, इंजिन बंद, आणि मागचे ब्रेकचे दिवे लागत होते, विझत होते. आत कोणी दिसत नव्हतं. माझ्या हातातला पोळीचा उंडा तसाच राहिला. मी जाऊन पुढचा दरवाजा उघडला तर बाबा सीटमध्ये खाली सरकून बसले होते आणि पायाने पेडल दाबत होते. दाब, सोड, दाब, सोड.

"बाबा, काय करून राहिले?"

"ब्रेक पाहून राहिलो," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग ते रोज संध्याकाळी जायला लागले आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला.

तर त्या तिसऱ्या खेपेला मी सचिनला सांगितलं, की मला प्रिंट नको, माणूस द्या. माझ्याशेजारी बसा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माझा आवाज चढला असावा, कारण आतून ईश्वर नावाचे मिस्त्री हात पुसत बाहेर आले. पन्नाशीचा माणूस, गळ्यात दुपट्टा, पूर्वी तुमसरला जीपांचं काम करायचे म्हणे. ते म्हणाले, "चला मॅडम. मी येतो." बाबा उठायला लागले तर मी त्यांना म्हटलं, तुम्ही बसा, चहा घ्या. सचिन गाडीचा तपासणीचा कागद घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसला.

सर्व्हिस सेंटरच्या मागून एक गावरस्ता जातो. उशिरा येणाऱ्या भारी धानाची मळणी चालू होती आणि रस्त्यावर लांबच लांब धान पसरलेलं होतं. ईश्वर उतरले, धान पलटवणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलले, रस्त्याच्या कडेला एक वीट उभी केली आणि परत येऊन बेल्ट लावून बसले.

"चाळीसनं या. विटेपाशी ब्रेक मारा. त्या दिवशी मारला तसाच."

मी मारला. पेडलने धक्का दिला. गाडी धानावरून घसरत गेली, खूप पुढे जाऊन थांबली. "पाहिलं?" मी म्हटलं. "आलं का तुमच्या स्कॅनरमध्ये?"

ईश्वरांनी उतरून पुढच्या चाकापाशी दुपट्टा ठेवला, त्यावर दगड ठेवला. मग खिडकीपाशी येऊन हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही पाय काहून उचलता?"

"पंप मारते. दाब, सोड, दाब. एकदम दाबून धरलं का चाक जाम होते न गाडी घसरते."

"कोणी शिकवलं?"

"माह्या सासऱ्यानं. फॅक्टरीच्या जुन्या जीपवर."

त्यांनी मान हलवली. "बरोबरच शिकवलं. जीपले तसंच पाहिजे. आम्हीबी तसंच शिकलो. पण ही गाडी पंप स्वतःच मारते. एका सेकंदात कितीकदा मारते. तुम्हाले जो धक्का लागते ना, तेच ते. ती तिचं काम करून राहिली असते. तुम्ही घाबरून पाय उचलला का ब्रेकच सुटून जाते. आता मागं घ्या न पुन्हा या. एकदाच दाबा. कितीबी थरथरलं तरी पाय उचलू नका."

मी मागे घेतली. येताना मला वाटलं आपण हे करू नये, वळून निघून जावं. विटेपाशी मी दाबला. पेडल थरथरलं, गुरगुरलं, तळव्याखाली कोणी जीव खाऊन ढकलत होतं आणि मी दात आवळून पाय तसाच ठेवला. गाडी थांबली. दुपट्टा पुढे होता. मी उतरले आणि चाकापासून दुपट्ट्यापर्यंत चालत गेले. दहा पावलं. त्या दिवशी मला पाच पावलं मिळाली असती तरी ट्रॉली तिच्या वाटेने गेली असती आणि आईंनी पातळाची गोष्ट पुरी केली असती.

मी रस्त्याच्या कडेला बसले. ईश्वरांना माझी गोष्ट माहीत होती, सर्व्हिस सेंटरात सगळ्यांनाच होती. ते म्हाताऱ्याकडून पाण्याचा लोटा घेऊन आले. "शिकवणाऱ्याची चूक नाही," ते म्हणाले. "गाडीच बदलली. त्याईले कोणी सांगितलंच नाही."

दोन महिने मी एवढी भांडले होते, आता भांडायला कोणी उरलं नव्हतं. माझी चूक आहे असंही मला धड म्हणता येईना. मी अगदी शिकवलं तसंच केलं होतं. मग मला संध्याकाळचा भिंतीवरचा लाल उजेड आठवला आणि पहिल्यांदा कळलं, की बाबा ब्रेक तपासत नव्हते. ते स्वतःला तपासत होते. ते तिथे बसून विचारत होते, की मी जे शिकवलं त्यानेच तर नाही ना.

परत आलो तेव्हा ते सोफ्यावर नव्हते, दाराशी उभे होते. हातात तो कागद. चेहरा असा, की सचिनने काय सांगितलं ते मला विचारावं लागलं नाही. तरी सचिन मागून म्हणालाच, "मॅडम, काकांना सांगत होतो, आजकालच्या गाडीचा ब्रेक पंप नाही करायचा म्हणून. पुष्कळ जुन्या लोकांना सवय असते."

बाबांनी मला बाजूला नेलं. त्यांचा आवाज मला धड ऐकू येईना, इतका खाली गेला होता.

"रीना. खरं सांगजो. त्या दिवशी तू पंप मारला होता काय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांचा संसार. मंगलाआई गेल्या त्या दिवशी हा माणूस रडला नव्हता, पाहुण्यांना पाणी देत फिरला होता. मी हो म्हटलं असतं तर ते घरी आले असते, जेवले असते, झोपले असते, आणि मरेपर्यंत रोज त्यांनी आपल्या बायकोला आपल्या हाताने मारलं असतं. मला ते बघवलं नसतं. माझा राग खूप आहे, पण तेवढी मी कठोर नाही.

"नाही बाबा," मी म्हटलं. "मी ब्रेकच नाही मारला. मी घाबरली. पाय एक्सिलेटरवर पडला. तुमचं शिकवलेलं काहीच मले आठवलं नाही."

"मग पेडल थरथरलं म्हणत होती ते?"

"खोटं बोलली. लोक मले बोलतीन म्हणून."

ईश्वर लांबून पाहत होते, त्यांनी नजर खाली घातली. मग बाबांनी एक मोठा श्वास सोडला, आणि त्यांचे डोळे भरून आले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"मले वाटे मीच मारलं तिले," ते म्हणाले.

आणि डोळे पुसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखू आलं. पंगतीतल्या बाईने पाहिलं होतं तसंच ते होतं.

"मी साऱ्याईशी भांडलो तुह्यासाठी," ते म्हणाले. "चावी दे."

मी दिली. गाडी त्यांनी घरापर्यंत संथ चालवली. दाराशी अश्वजित उभा होता, कागदात काय निघालं म्हणून. बाबांनी चप्पल काढता काढता सांगून टाकलं, "ब्रेक बरोबर हायेत. हिचा पाय चुकला. हिनंच सांगितलं." अश्वजितने माझ्याकडे पाहिलं, मी आत गेले. त्याच्या आईबद्दल त्याला मी कधी काय सांगणार आहे, ते मला अजून माहीत नाही.

रात्री पानं वाढली. बाबा खाली मान घालून जेवत होते. वरण-भात संपला तेव्हा त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं आणि विचारलं, "भात हाय काय अजून?" आई गेल्यापासून त्यांनी दुसऱ्यांदा कधी मागितला नव्हता.

मी वाढला.