ओळखीची टाळी

बेल वाजली आणि श्रीरंग उठून बसला.

दुपारपासून मी त्याला उठवत होते. हाका मारून झाल्या, पडदे सरकवले, टीव्ही मोठा केला, ओला पंचा तोंडावरून फिरवला. चहा दोनदा गरम केला आणि शेवटी मीच पिऊन टाकला. आणि आता दारात पुण्याहून आलेली त्याची धाकटी बहीण दिसल्यावर हा गृहस्थ केसांवरून हात फिरवत बाहेर येतो आणि विचारतो, "काय वृंदा, मेट्रोत बसायला मिळालं, की मयूर विहारपर्यंत लटकत आलीस?"

वृंदा हसली. मग तिने माझ्याकडे बघितलं. ही नजर माझ्या ओळखीची झाली आहे. श्रीरंगला मेंदूचा तो छोटासा झटका येऊन गेल्यापासून शेजारच्या खन्नांनी असंच बघितलं, त्याच्या मिनिस्ट्रीतल्या लोकांनी बघितलं, आणि बंगळूरहून दोन दिवसांसाठी आलेल्या आमच्या मुलानेही. "बाबा तर बिल्कुल ठीक आहेत यार, आई. तू उगाच टेन्शन घेतेस."

जेवणं झाल्यावर वृंदा स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, रागावू नकोस हं. पण फोनवर तू म्हणालीस दिवसभर झोपतो. माझ्याशी तर केवढ्या गप्पा मारल्या."

"तू नवीन आहेस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे उद्या हॉस्पिटलला चल."

"तसं नाही गं. सारखी बोलणी खाल्ली की माणूस स्वतःला मिटून घेतो कधीकधी."

कढईने जरा जास्तच आवाज केला. मला काही फार नको होतं. त्याने एकदा, नुसतं एकदा, माझ्याकडे बघून जागं व्हावं. आणि ते होणारच नसेल, तर मी खरं सांगते आहे एवढं तरी कुणी मानावं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्याला तारा लावल्या. डॉक्टर मुलगी तरुण होती, मला आंटी म्हणायची. तिने श्रीरंगला डोळे मिटायला सांगितलं आणि पडद्यावर लाटा आल्या, कवायतीसारख्या एका ओळीत. तिने टाळी वाजवली. ओळ मोडली.

"देखा? दिमाग चौकन्ना हो गया," ती म्हणाली.

तिने पुन्हा टाळी वाजवली, पुन्हा वाजवली. लाटा कमी कमी मोडायला लागल्या. मग मोडेनातच. मग लाटाच विरळ झाल्या आणि श्रीरंग घोरायला लागला.

टाळीची सवय सगळ्यांनाच होते, तिने समजावलं, तुम्हाला, मलाही. पण आपण जे बघतो, ऐकतो, ते जवळजवळ सगळं मेंदूच्या मधल्या थॅलॅमसमधून पुढे जातं, आणि जागं राहण्याचा जोरही खालून तिथेच येतो. यांचा झटका नेमका तिथे. "जो रोज़ का है, वो अब इन्हें जगा नहीं पाता, आंटी."

श्रीरंगने मिनिस्ट्रीत अर्धा जन्म आवक डाक बघितली. आता त्याच्या डोक्यातला आवक विभागच पेंगत होता. 'तातडीचे' लिहिलेलं पाकीट तेवढं पुढे सरकायचं. बायको साध्या टपालात.

"दवा चल रही है, टाइम लगेगा," डॉक्टर म्हणाली. "घर में कुछ नया करते रहिए."

नवं काय करायचं माणसाने? मी केस कापले होते. एवढे लांब केस, खांद्यापर्यंत आणले. त्याने डोळेसुद्धा उघडले नव्हते.

"मशीन काय, काहीही दाखवतं," परतताना वृंदा रिक्षात म्हणाली.

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं. ऐकून घ्यायची सवय आहे.

तिच्या मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी तिने थालीपिठं लावली आणि त्याच्यासमोर बसून लहानपणीची गोष्ट सांगायला घेतली, सायकलवरून दोघं विहिरीच्या कट्ट्यावर आपटली होती ती. सायकल अजून उतारावरच होती आणि श्रीरंगची मान खाली गेली.

"दादा. ए दादा, ऐक ना. मी वृंदा."

"हो," तो म्हणाला. डोळे न उघडता.

ती आत आली आणि फ्रिजला टेकून उभी राहिली.

"वहिनी, मी जुनी झाले का गं?"

इतके महिने मी याचीच वाट बघत होते. कुणाचं तरी तोंड असं पडावं, आणि मी म्हणावं, बघ, सांगत नव्हते? म्हणवेना. ताटलीतलं गरम थालीपीठ तिच्यापुढे सरकवलं, वर लोणी जरा जास्त घातलं.

संध्याकाळी तिला मेट्रोत बसवून, भाजी घेऊन परत आले. पर्समध्ये हात घातला, किल्ली बोटाला लागली. ती तशीच आत सोडली आणि बेल दाबली.

आतून सपातांचा आवाज आला. दार उघडलं. श्रीरंग शर्टाचं वरचं बटण लावत होता. डोळे स्वच्छ, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू.

"आइए, आइए." मग त्याने बघितलं. "अगं, तू होय. किल्ली विसरलीस?"

"हो."

"वृंदाला जागा मिळाली?"

"मिळाली. खिडकीजवळ."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"उल्का, तुझे केस लांब होते ना?"

"कापले."

"बरे दिसतात." तो दारातून बाजूला झाला. "आत ये ना, बाहेर काय उभी?"

"येते," मी म्हटलं, आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत पायपुसण्यावरच उभी राहिले.