आतून पांढऱ्या

बाईंचं प्रयोगशाळेतलं काम एकच होतं, एक जिवाणू जिवंत ठेवायचा. वाटाण्याच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र रोपाला पुरवणारा हा जिवाणू त्यांच्या सरांनी एका टेकडीवरच्या रानवेलीतून मिळवला होता. सर वारले आणि परीक्षानळ्या बाईंकडे आल्या. अठरा वर्षं त्या दर महिन्याला जिवाणू जुन्या नळीतून नव्या नळीत उतरवत होत्या. त्यातूनच वाढवलेल्या जिवाणूंची पाकिटं शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जायची. "सुट्टीत यांना पाळणाघरात ठेवता का हो?" असं सहकारी चिडवायचे.

त्या वर्षी थोरल्या भावाने निव्वळ बाईंच्या पाकिटांच्या भरवशावर वाटाणा पेरला. "छोटीनं केलंय, मग दुसरं खत कशाला?" असं तो सांगत सुटला. शेजाऱ्यांनीही त्याचं ऐकलं. सहाव्या आठवड्यात त्याचा फोन आला. "छोटे, रोपं पिवळी पडलीत गं. येऊन बघतेस?"

बाईंनी रोप उपटलं. मुळांवर गाठीच गाठी होत्या. भावाचा जीव भांड्यात पडला. "लागल्यात की!"

बाईंनी नखानं एक गाठ फोडली. आतून गुलाबी निघायला हवी होती, ती पांढरीफटक निघाली. दुसरी तशीच. दहावीही तशीच. या गाठी रोपाचं खात होत्या, देत काहीच नव्हत्या.

परत येऊन त्यांनी जुन्या नळ्या काढल्या, कुंड्यांत रोपं लावून तपासल्या. चार वर्षांमागच्या नळ्या उरल्याच नव्हत्या आणि उरलेली प्रत्येक नळी निकामी निघाली. आयत्या अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाढता वाढता जिवाणू आपलं काम विसरला होता. सूक्ष्मदर्शकाखाली तो टुणटुणीत दिसायचा. कुंडीतली चाचणी वेळखाऊ म्हणून बंद करा, असा शेरा बाईंनीच कधीतरी मारला होता. सरांनी मूळ जिवाणू सुकवून ठेवलेल्या कुप्याही फ्रिजमध्ये जागा हवी म्हणून त्यांनीच फेकल्या होत्या.

बाई ती रानवेल शोधायला टेकडीवर गेल्या. निम्मी टेकडी फोडून झाली होती, उरलेल्या उतारावर खडीचे ढीग होते. रानवेल कुठेच नव्हती.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "जिवंत आहेत ना? पाकिटावर तेवढंच लिहिलंय. झाकली मूठ राहू द्या, बाई." त्याच दुपारी पाकिटांची गाडी भरून निघाली. बाईंनी राजीनामा टेबलावर ठेवला. गाडी काही थांबली नाही.

मग त्या भावाकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. वहिनी भाजी निवडायची थांबली.

"चार वर्षं तुला कळलं नाही?" भावाने विचारलं.

"नाही, दादा."

"मग आता?"

"आता काही नाही. तो जिवाणू परत मिळायचा नाही."

भाऊ उठला. "शेजाऱ्यांना तू सांगू नकोस. भरीस मी घातलं होतं." हे बोलताना त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही.

तो कुंपणापाशी जाऊन बोलू लागला. शेजारी मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं मान वर केली आणि थेट दारातल्या बाईंकडे पाहिलं. बाईंना आत वळायचंही सुचलं नाही.