डबीतली स्प्रिंग

किंकाळी ऐकून सुप्रीता स्वयंपाकघरातून धावत आली, तेव्हा संहिता टाइपरायटरच्या मागे गुडघ्यांवर बसली होती आणि तिचा उजवा हात यंत्राच्या पोटात होता. अडकलाय, ओढला की निघेल, असं वाटून सुप्रीतानं मनगट धरलं मात्र, सहा वर्षांच्या पोरीनं असा टाहो फोडला की आईचे हात आपोआप सुटले.

जयनगरच्या त्या घराची पुढची खोली म्हणजे अण्णांची कामाची जागा. अण्णा, म्हणजे सुप्रीताचे वडील गुरुराज, आयुष्यभर टाइपरायटर दुरुस्त करत आलेले. आता ऑफिसांतली कामं संपली, तरी महादेवपुऱ्याच्या फ्लॅटमधली तरुण मंडळी आपापल्या आजोबांची जुनी यंत्रं घेऊन यायची. असंच एक धूड मागचा पत्रा काढून टेबलावर ठेवून अण्णा मुंजीसाठी हुबळीला गेले होते. संहितानं बाजूची कळ दाबली, कागद धरणारं कॅरेज सर्रकन डावीकडे धावलं आणि त्याला ओढणाऱ्या दोरीखाली तिचं बोट सापडलं.

सुप्रीतानं मोबाइलचा उजेड पाडला. मागच्या बाजूला पितळेची गोल डबी होती. दोरीनं बोट त्या डबीवर घट्ट आवळून धरलं होतं. बोटाचं टोक जांभळासारखं झालं होतं.

"आई, काढ ना!"

सुहासला, तिच्या नवऱ्याला, फोन करून उपयोग नव्हता. बोम्मसंद्राच्या कारखान्यात आत मोबाइल नेऊ देत नाहीत. तिनं अण्णांना फोन लावून स्पीकर चालू केला. रिंग वाजत राहिली. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरचे देवाप्पा पक्कड घेऊनच खाली आले. त्यांनी वाकून पाहिलं.

"अक्का, दोरीच कापतो. एका झटक्यात सुटेल."

सुप्रीतानं होकारार्थी मान हलवली. पकडीचे दात दोरीला लागले आणि फोनमधून अण्णांचा आवाज आला, "काय गं?"

"अण्णा, संहिताचं बोट डबीच्या दोरीखाली अडकलंय. देवाप्पा दोरी कापतायत."

"नको! हात मागं घ्यायला सांग त्यांना!"

अण्णांचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. देवाप्पांनी पक्कड मागे घेतली.

"डबीत स्प्रिंग गच्च भरलेली आहे," अण्णा म्हणाले. "दोरी तुटली की डबी गरगर फिरणार. दोरीचा हूक कुठं आहे बघ."

तिनं पाहिलं. लोखंडी हूक नखाला अगदी खेटून होता. डबी फिरली असती तर तो बोट फाडतच गेला असता.

"आधी स्प्रिंग सैल करायची. भिंतीवरचा बुटका स्क्रूड्रायव्हर घे, आणि लांब दांड्याचा आकडा."

खिळ्यांवर आकडे ओळीनं टांगलेले होते. लहानपणापासून पाहिलेले, पण आज सगळे एकसारखे दिसत होते. हाताला आला तो तिनं उचलला.

"डबीच्या मध्यावर दातेरी चाक आहे. त्यात स्क्रूड्रायव्हर बसव आणि गच्च धर. मग आकड्यानं दातांत अडकलेली खिट्टी उचल, चाक एक दात मागं येऊ दे, खिट्टी सोड. टक् वाजेल. स्क्रूड्रायव्हर सुटला तर तो थेट पोरीच्या तोंडावर येईल."

देवाप्पांनी एका हातानं कॅरेज दाबून धरलं आणि दुसऱ्यानं संहिताचा चेहरा आपल्या पोटाशी झाकला. सुप्रीतानं आकडा लावला. तो निसटला. अख्खं यंत्र हादरलं, संहिता किंचाळली, नखाखालून रक्ताची धार आली.

"अण्णा, नाही जमत मला!"

"टोकाला काय आहे त्याच्या? खाच, की वाक?"

"खाच."

"तो ढकलायचा. ओढायचा घे, टोक वाकलेला. स्वल्प थांब. श्वास घे आधी."

तिनं दुसरा आकडा आणला. खिट्टी उचलली गेली. मनगटावर एवढा जोर आला की आत कोणी जिवंत प्राणी धडपडतोय असं वाटलं. तिनं चाक इवलंसं मागे येऊ दिलं. टक्.

"सरी, बरोबर," अण्णा म्हणाले. "परत."

टक्. पुन्हा टक्. घामानं मूठ निसरडी झाली होती, पण ती पुसायला हात मोकळा नव्हता. संहिताचं रडणं थांबलं होतं आणि ते तिला जास्त भयंकर वाटत होतं. मग एकदा खिट्टी सोडली आणि आवाजच आला नाही.

"वाजली का?"

"नाही."

"मग सोडू नकोस! खिट्टी बसली नाही."

सुप्रीताचा अंगठा बधिर झाला होता. स्क्रूड्रायव्हर तिच्या मुठीत कणाकणानं फिरत होता. "देवाप्पा, ती खिट्टी दाबा! ती, वरची!" देवाप्पांनी पोरीचं डोकं सोडलं, पकडीचं टोक खिट्टीवर टेकवलं आणि दाबलं. टक्.

आणखी काही दात सुटल्यावर दोरी ढिली पडली. सुप्रीतानं ती आकड्यानं अलगद उचलली आणि देवाप्पांनी बोट बाहेर काढलं. सुप्रीता तिथंच जमिनीवर बसली. "अण्णा, निघालं," एवढंच ती म्हणाली.

दवाखान्यात नख काढावं लागलं. हाड शाबूत होतं.

अण्णा मुंज टाकून आले. चपला न काढताच ते नातीसमोर बसले.

"बोट वाकव बघू."

संहितानं पट्टी बांधलेलं बोट जरासं वाकवलं.

"परत एकदा."

तिनं परत वाकवलं. मग ती टीव्हीकडे वळली. अण्णांनी तिची हनुवटी धरून पुन्हा आपल्याकडे वळवली.

"आजोबा, किती वेळा?" ती कंटाळून म्हणाली.

"एकदाच गं," अण्णा म्हणाले. "अजून एकदाच."